प्रभूला विचारून सांगतो

"प्रभूला विचारून सांगतो," विश्वास म्हणाला, आणि शालिनीने हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं.

विचारायचं काय होतं त्यात? मार्चमध्ये हा माणूस रिटायर होणार, कारखान्याच्या टाउनशिपचं क्वार्टर सोडावं लागणार आणि इथेच जवळ, अवधपुरीत, पुढे पेरूचं झाड असलेलं घर आपण होऊन चालून आलेलं. घराचा डीलर सकाळीच सांगून गेला होता, "मॅडम, आज शाम तक हाँ बोल दीजिए, नहीं तो दूसरी पार्टी तैयार है." दुसरा कुणी असता तर चपला न घालता पळत गेला असता. आणि हा बघा!

"तुझं काय म्हणणं आहे?" विश्वासने विचारलं.

"माझं कोण ऐकतंय? तुमच्या देवालाच विचारा."

"असं तोडून नको गं बोलू. बेत ठरवणारे आपण कोण? उद्याचा दिवस तरी आपल्या हातात आहे का? तो वाट दाखवेल तसं चालायचं. शास्त्रात तर तो एकदा गाढवीच्या तोंडूनही बोललाय."

आपल्या घरातलं गाढव तर हो-नाही सांगायला तोंडच उघडत नाही, असं शालिनीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. या माणसापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे ती कधीच शिकली होती.

आतल्या खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायची, हा त्याचा शिरस्ता. एवढ्याशा क्वार्टरात आतली खोली आणायची कुठून? म्हणून तो धान्याच्या कोठीत, तांदळाच्या डब्याशेजारी गुडघे टेकायचा. कोठी आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीत वर सिमेंटची जाळी होती. शालिनी नेमकी तेव्हाच मिरचीची फोडणी घालायची. धूर आत गेला की तो ठसकायचा, डोळे पुसायचा, पण उठायचा नाही. चिवट मेला!

बरं, त्याच्या देवालाही स्वतःची अक्कल नसावी. झाशीला बदली निघाली तेव्हा शालिनीला मुळीच जायचं नव्हतं. हा दोन दिवस गुडघे झिजवून बाहेर आला, "प्रभू नको म्हणतोय." लेकीसाठी जबलपूरचा मुलगा तिने बघताक्षणी पसंत केला होता. याला देवाचा होकार आला आठवडाभराने. जे तिला भाजी फोडणीला टाकताना कळायचं, ते स्वर्गातून फिरून याच्यापर्यंत पोचेस्तोवर भाजी निवून जायची.

आज भीती होती ती एकाच गोष्टीची. विश्वासची थोरली बहीण लीलावतीताई नगरला मिशन कंपाउंडात एकटीच राहायची. गुडघ्यांनी अधू, जिभेने धडधाकट. "रिटायर झालात की इकडेच या," असा दर नाताळाला तिचा घोशा. शालिनी तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. एकदा का अवधपुरीचं घर हातचं गेलं, की उरलेला जन्म त्या म्हातारीच्या दारात काढायचा!

कोठीचं दार लागलं. शालिनीने कढईत तेल ओतलं आणि रोजच्यासारखा तोंडाचा पट्टा सोडला. ऐकायला होतं कोण, कढई आणि झारा!

"करा, करा प्रार्थना! काही नको आपल्याला अवधपुरी न् बिवधपुरी. जाऊ या ना नगरला, ताईंच्या पायाशी! मी रोज तेल लावून पाय चेपीन त्यांचे, लुगडी धुईन, सोनं होईल माझ्या जन्माचं! या बाईला घर हवंय कशाला?"

आत विश्वास ठसकला. मग शांत झाला.

नेहमीसारखे दिवस लागले नाहीत. पोळ्या व्हायच्या आतच तो बाहेर आला. चेहरा नुसता उजळला होता.

"मिळालं का उत्तर?"

"इतकं स्पष्ट कधीच मिळालं नव्हतं," तो चपला घालत म्हणाला. "फोन करून येतो."

"पळा, बूथ बंद व्हायचा!"

तो खरंच पळाला. शालिनी हसली. आला एकदाचा देव वळणावर! तिने तूप काढलं, शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. पुढच्या खोलीला निळे पडदे. पेरूखाली खुर्ची. आधीच घरं घेऊन मिरवणाऱ्या इंद्रपुरीच्या बायकांना चहाला बोलवायचं आणि त्यांची तोंडं बघायची.

विश्वास परतला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"झालं बोलणं?"

"झालं. खूप रडली गं."

"कोण रडली?"

"ताई. तू पाय चेपायला तयार आहेस म्हटल्यावर तुला आशीर्वादच देत सुटली. मार्चअखेर येतो म्हणून सांगितलं. मग डीलरला फोन केला, आम्हाला घर नको म्हणून."

शालिनीचा झारा रव्यात तसाच राहिला. "मी? मी कधी म्हटलं तुम्हाला असं? कुणी सांगितलं?"

रवा करपला होता. त्याचा धूर जाळीतून कोठीत चालला होता. विश्वासने तिकडे बघून हात जोडले.

"आजवरचं सगळं त्यानेच सांगितलंय, शालिनी, तिथूनच. आवाज जरा कर्कश असतो, पण एकदाही चुकला नाही."