जागच्या जागी

आज पुन्हा तेच. खगोलशास्त्राच्या रॅकवर, पाठीवरच्या चिठ्ठीतल्या क्रमांकात टिंबापुढे बारा असलेलं पुस्तक दोनवाल्याच्या आधी येऊन बसलं होतं. खालच्या फळीवर पस्तीस चारच्या आधी.

धाकट्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. वाचनकक्षात उतरतं ऊन टेबलांवर लोळत होतं, मुलं पांगली होती. त्यांनी बाराला उचलून दोनच्या पुढे नेलं, पस्तीसला चारच्या पुढे, आणि निजलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करावं तसा पुस्तकांवरून हात फिरवला.

लेक झाल्यापासून सगळं धुक्यातून दिसायचं. पोर रात्रभर टक्क जागी. परवा किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या. "निदान ताज्या राहिल्या," नवरा म्हणाला. पण कॉलेजच्या ग्रंथालयात पाऊल टाकलं की हात आपोआप चालत. त्या हातांना वळण मोठ्या बाईंनी लावलेलं.

मोठ्या बाई इथल्या ग्रंथपाल, धाकट्या त्यांच्या सहायक. विद्यार्थी विचारतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच, हे ओळखायलाही त्यांनीच शिकवलं. "जागा चुकलेलं पुस्तक हरवल्यातच जमा, गं," त्या म्हणायच्या.

आणि आता त्याच. रोज सगळ्यांच्या आधी येऊन स्वतः रॅक लावायच्या, आणि लावलेले रॅक हे असे. विसरायला लागल्या होत्या. वय कुणाला चुकलंय? धाकट्या बाई कुणाच्या लक्षात यायच्या आत संध्याकाळी निस्तरून टाकायच्या, गुपचूप, अंगाईची ओळ गुणगुणत.

निघता निघता प्राचार्यांचं बोलावणं आलं.

"बसा. लेक काय म्हणते?"

"रात्रभर बोलते, सर. कळत काही नाही."

ते हसले. मग पेपरवेट फिरवत राहिले. "ग्रंथपालांना मुदतवाढ द्यायची की नाही, हे उद्या ठरवायचंय. मुलांची तक्रार आहे, संध्याकाळी गेलं की पुस्तकं सापडत नाहीत. उद्या सकाळी मी स्वतः एक फेरी मारणार आहे. तुम्ही त्यांच्यासोबत रोज काम करता. त्या थांबल्या तर खुर्ची तुमच्याकडे येईल. म्हणून स्पष्ट विचारतो, काम नीट चाललंय ना?"

खिडकीपाशी असते ती खुर्ची. खिडकीबाहेर झाड. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून धाकट्या बाईंनी तिच्याकडे चोरून पाहिलं होतं. एक वाक्य बोलायचं, तेही खरंच.

पण कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यापर्यंत गाडीत हात धरून कोण बसलं होतं? "ओरड बिनधास्त, हे काय ग्रंथालय नाही," असं कोण म्हणालं होतं?

"सगळं जागच्या जागी आहे, सर," धाकट्या बाई म्हणाल्या.

रात्री लेक खांद्यावर आणि डोळ्यांपुढे रॅक. बारा, दोन, पस्तीस, चार. प्राचार्यांच्या फेरीआधी सगळं एकदा लावायला हवं. उजाडताच लेकीला नवऱ्याच्या कुशीत सरकवून त्या निघाल्या.

ग्रंथालयाचं दार उघडंच होतं. आत अजून अर्धा अंधार, फरशी ओली. खगोलशास्त्राच्या रॅकपलीकडून बोलणं ऐकू आलं, तशा त्या अलीकडेच थबकल्या. पुस्तकांच्या फटीतून मोठ्या बाई दिसल्या, स्टुलावर चढलेल्या. खाली सफाईच्या मावशी, पोछा टेकून उभ्या.

"रोज पहाटे उठून हे कशाला, बाई? सरांना सांगून मोकळ्या व्हा की."

"काय सांगू, मावशी? पोर झोपू देत नाही तिला. टिंबापुढचे आकडे दशांश, म्हणून बारा दोनच्या आधी लागतात, पस्तीस चारच्या आधी; ती रोज संध्याकाळी उलटे लावून जाते. माझ्याहून पक्कं यायचं तिला. झोप झाली की येईल परत."

"आणि सरांनीच विचारलं तर?"

"विचारलं ना काल. म्हणाले, तुमच्यामागे तिच्यावर ग्रंथालय सोपवावं का?" मोठ्या बाईंनी बाराला उचलून दोनच्या आधी अलगद सरकवलं. "म्हटलं, सगळं जागच्या जागी आहे, सर."