साखरपुड्याची हिरवळ

"नवीन मशीन कशाला? आत्ता हिरवळीचा गालिचा करून देतो," म्हणत मोरेश्वरराव गवत कापायच्या जुन्या मशीनपाशी बसले. संध्याकाळी अंगणात लेकीचा साखरपुडा होता आणि गवत गुडघ्याला लागत होतं.

तुटक्या चाकाच्या जागी त्यांनी लेकीच्या लहानपणच्या तिचाकी सायकलचं चाक बसवलं. मोडक्या मुठीला लाटणं बांधलं. आतला पट्टा तुटलेला, तिथे पायजम्याची नाडी ओवली. मशीन धडधडत निघालं, थोडं गवत वाकडंतिकडं कापलं आणि त्यांच्या पत्नी कुमुदताईंनी नुकत्याच काढलेल्या रांगोळीत जाऊन बंद पडलं.

नेमके तेव्हाच व्याही आणि विहीणबाई फाटकातून आत आले, ठरल्या वेळेच्या बरेच आधी. व्याही बँकेतले मोठे साहेब. कुमुदताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्याह्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली. "नाडी घसरणारच," ते गंभीरपणे म्हणाले. "सायकलची जुनी ट्यूब आहे का?"

"टाकतोय कशाला!" मोरेश्वरराव ट्यूब आणायला धावले. व्याही पांढऱ्या झब्ब्याच्या बाह्या सारून गवतात बसलेसुद्धा.

"माफ करा हं," कुमुदताई विहीणबाईंना म्हणाल्या, "आमच्या ह्यांना ना, काही टाकवतच नाही."

विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, आमच्या फ्रिजचं दार ह्यांच्या कमरेच्या पट्ट्यानं बांधलंय. दूध काढायचं तर आधी बक्कल सोडायचं!"

कुमुदताईंना हसू आवरेना. "मग लेकीची काळजीच मिटली," त्या म्हणाल्या. "तिला माहेरची आठवणच यायची नाही."