राखणदाराच्या वहाणा

"राखणदार खूश असला म्हणजे झालं," असं खाणीवरचा तिसरा माणूस म्हणाला, तेव्हा सुधीरचं डोकंच फिरलं.

गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. खाणींचे पोर्तुगीज परवाने मोडून लीजा आल्या होत्या. डिचोलीची ही खाण विकत घ्यायला मुंबईची मंडळी टपून बसली होती. कायद्यात ती कुठं अडकेल आणि इथं कुणाचे हात ओले करावे लागतात, एवढं बेळगावचा वकील असलेल्या सुधीरनं त्यांना शोधून द्यायचं होतं. खोटं लिहिलं तर सनद जाणार, आणि खरं सापडेपर्यंत सुटका नाही. खाणीच्या कंपनीनं दिलेल्या घरात, तिच्याच जीपमध्ये त्याचा जीव नुसता कोंडला होता. बायको योगिता रोज विचारायची, "बेळगावला कधी जायचं हो?"

शेवटी त्यानं मॅनेजर बाबाजींना गाठलंच. "हा राखणदार कोण? मामलेदार, की खाणखात्याचा साहेब?"

बाबाजी पोट धरून हसले. "अरे देवा! चला वकीलसाहेब, दाखयतां."

खाणीच्या कडेला काजऱ्याच्या झाडाखाली एक दगड होता. पुढ्यात रोट, दारूची बाटली आणि नव्याकोऱ्या वहाणा.

"हो आमचो राखणदार. रातभर खाणीभोवती फिरता, वहाणा झिजतात. दर अवसेक नवो जोड दिवचो पडटा. पण एकदा बसयलो काय जागा सोडून जायना!"

सुधीर ओशाळला. देवाधर्माच्या गोष्टीत आपण लाच शोधत होतो! त्यानं बूट काढून हात जोडले. दगडावर ना तेलाचा डाग, ना काजळी. किती स्वच्छ ठेवतात ही माणसं, असं त्याला वाटलं. ड्रायव्हर सगुणनं त्याचे बूट चिखलातून उचलले, तळवे निरखले, पुसून बाजूला ठेवले.

त्याच दुपारी सुधीरनं अहवालावर सही ठोकली. लीज पक्की, लाचेचा धोका नाही. पाकीट रजिस्टर पोस्टानं मुंबईला रवाना केलं आणि शीळ घालत घरी आला.

"सामान बांध गं! सुटलो एकदाचे!"

योगिता गोंधळून उभी होती. टेबलावर रोट, बाटली, वहाणांचा जोड आणि शेजारी एक किल्ली.

"सगुण देऊन गेला. हे घर कंपनीनं तुमच्या नावावर केलंय म्हणे. आणि वहाणा बघा, अगदी तुमच्याच मापाच्या!" ती म्हणाली. "बाबाजींचा निरोप आहे, दर अवसेला जोड येईल. राखणदार जागा सोडून जायना."