अंगणातली हजेरी

सकाळचे आठ वाजले तसा नेस्तोर अंगणात जाऊन उभा राहिला. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर कोठाराच्या भिंतीवर. सास्काचेवान प्रांतातला जानेवारी, गुडघाभर बर्फ. डोक्यावर टोपीसुद्धा नाही.

खिडकीतून स्तेफका बघत होती. पहिल्या दिवशी तिला वाटलं, नवरा आभाळ न्याहाळतोय. विमानातला माणूस, न्याहाळणारच. आज नववा दिवस होता. सकाळी आठ, संध्याकाळी पाच, रोज. लढाईत त्याचं विमान जर्मनीत पडलं आणि पुढचे दोन हिवाळे त्याने तारांच्या कुंपणात कैदी म्हणून काढले, एवढंच तिला ठाऊक होतं. एरवी तो चांगला होता. गाई पिळायचा, तिच्या आईची नक्कल करून तिला हसवायचा. फक्त हे उभं राहणं. हाक मारली तरी ऐकायचा नाही, दंडाला धरून ओढलं तरी हलायचा नाही. काल तासाभराने आत आला तेव्हा त्याचा डावा कान मेणासारखा पांढरा पडला होता.

"तातो, तुम्ही तरी बोला त्याला," ती सासऱ्यांना म्हणाली. "कान गळून पडेल. डॉक्टर म्हणतात, शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात..."

"त्या डॉक्टरला काय कळतंय!" प्रोकोप गुरगुरला आणि खिडकीशी आला. मुलाच्या ताठ पाठीकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मेंढीच्या कातड्याचा कोट चढवला, खुंटीवरच्या दोन टोप्या काढल्या आणि बाहेर पडला.

म्हातारा आता ओरडणार, म्हणून स्तेफका धावत उंबऱ्यापर्यंत आली. पण प्रोकोप ओरडला नाही. मुलाच्या डोक्यावर टोपी चढवून त्याने ती कानांखाली ओढली आणि स्वतः त्याच्या शेजारी उभा राहिला. टाचा जुळवून.

"आम्हाला टोपीची मुभा होती," तो समोर बघतच म्हणाला.

नेस्तोरची नजर पहिल्यांदा भिंतीवरून हलली. "आम्हाला म्हणजे?"

"पहिल्या महायुद्धात. मी तिकडून नवाच आलेलो, माझ्याजवळ ऑस्ट्रियाचा कागद होता, म्हणजे मी शत्रू. तू ज्याच्यासाठी लढलास त्या ह्याच देशाने मला तारांत घातलं. तिकडे डोंगरात, रस्ता फोडायला. तुझी आई भेटायच्या आधीची गोष्ट."

"तातो, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू तरी कुठं बोललास?"

दोघांच्या तोंडून वाफ निघत राहिली.

"हजेरीला किती वेळा मोजायचे?" प्रोकोपने विचारलं.

"दोनदा. पाचपाचच्या रांगा."

"आणि आकडा चुकला की?"

"पुन्हा पहिल्यापासून. आमची पोरं मुद्दाम जागा बदलायची. मोजणारा रडकुंडीला यायचा."

"आमच्यात एक बुटका होता. दर वेळी मोजायचा राहायचा," प्रोकोप म्हणाला. "त्याच्यापायी आम्ही निम्मा हिवाळा उभं राहून काढला."

नेस्तोर खुदकन हसला. पण पाय जागचे हलले नाहीत.

"मग आता या की आत," स्तेफका दारातून म्हणाली. "अंडी गार झाली."

"येणार कसं?" प्रोकोप म्हणाला. "आम्हाला अजून मोजलं कुठं कुणी? बघत काय राहिलीस, पोरी? मोज."

स्तेफकाने शाल ओढली आणि ती घरातल्या सपातांनीच बर्फात उतरली. दोघांच्या समोर येऊन थांबली. सासऱ्यांच्या कोटावर तिने बोट टेकवलं. "एक." मग नवऱ्याच्या छातीवर. तिथं बोट जरा रेंगाळलं. "दोन." मग तेच बोट तिने स्वतःकडे वळवलं. "तीन."

"चुकलं," नेस्तोर म्हणाला. आता तो तिच्याकडे बघत होता. "मोजणाऱ्याला मोजत नसतात."

"माझ्या अंगणात मोजतात. सगळे भरले. चला."

नेस्तोरच्या टाचा सुटल्या. आत जाताना त्याने तिला उचलूनच घेतलं. सपाता भिजल्या होत्या.

संध्याकाळी पाचला तो कोट घालून दाराशी आला, तेव्हा ती दोघं आधीच रांगेत उभी होती.