नव्या नावाची हाक

ऐका राव, बांधकामावरची एक गोष्ट सांगतो. जन्मभर सगळ्यांनी पोरगा समजलेली एक गवंडी पोरगी होती. चार नावं मनात घोळवून तिनं बाईचं एक निवडलं. मुकादमानंही ते कसंबसं जिभेवर बसवलं.

एकदा वरून फळी सुटली. मुकादम जिवाच्या आकांतानं तेच नवं नाव ओरडला, पण तिनं मानसुद्धा वळवली नाही. फळी खांदा घासून गेली.

मुकादम धावत आला. “बाई, कामावर जुनंच ठेव. त्याला तरी वळशील.”

“त्याला वळायचं नाही म्हणून तर एवढं केलं, मामा. कानांना सवय होऊ द्या.”

तेव्हापासून तो काम नसतानाही तिला हाका मारतो आणि ती वळेपर्यंत श्वास रोखून उभा राहतो. तिकडून जाताना तुम्हीही एक हाक मारा. नाव काय ते रस्त्यापर्यंत ऐकू येतं.