राजवैद्याचा भेकडपणा

क्योतोच्या विद्यापीठात अंबरीषचं सगळं संशोधन एकाच माणसावर होतं. इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यातल्या एका राजाचा वैद्य, शिवाय त्या काळातला नावाजलेला प्राध्यापक. राजा दुखण्यातून वाचणार नाही हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण राजाच्या मरणाचा शब्द काढणं म्हणजे राजद्रोह, म्हणून हा गृहस्थ शेवटपर्यंत "उतार पडतोय" म्हणत राहिला. अंबरीषनं आपल्या इंग्रजी प्रबंधात त्या भेकडाची पार सालटी काढली होती.

आज हॉस्पिटलात बाबांच्या खाटेशी उभं राहून डॉक्टर अंबरीषशी जपानीत बोलले. बाबांना जपानीचं अक्षर कळत नव्हतं. ते लेकाच्या तोंडाकडे बघत राहिले.

"औषध लागू पडतंय म्हणतात, बाबा. थंडी सरली की घरी."

जाताना डॉक्टर बाबांपुढे वाकले. रोजच्यापेक्षा खूप खाली, आणि बराच वेळ.

बाबांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"तुझा प्रबंध वाचला रे. वैद्य खरं का बोलला नाही, ते झकास मांडलंयस."

"आवडला तुम्हाला?"

"हो. फक्त राजानं त्याला एकदाही का विचारलं नाही, तेवढं राहिलंय बघ."