दुपारची झुळूक

शहराची हवा मोजायला आम्ही चाळीस गच्च्यांवर तापमापकाच्या पेट्या लावल्या होत्या. त्यातली एकच पेटी रोज दुपारी एक वाजता गार पडायची. बाकीच्या अडतीस-एकोणचाळीस अंश दाखवत असताना ही थेट तिशीवर! दोन वर्षं मी त्या झुळकेच्या मागे हात धुऊन लागलो होतो. समोरच्या दोन उंच इमारतींमधून वारा घुसतो, वळतो आणि नेमका त्या गच्चीवर उतरतो, असं गणित शेवटी कसंबसं जमवलं. डोक्यावरचे केस गेले, पण शोधनिबंध स्वीकारला गेला. परवा तो परिषदेत वाचायचा होता.

पेटी आमच्याच गच्चीवरची. पण दुपारी मी घरी असतो कुठे? माझा तर रविवारही ऑफिसात, तिचे आकडे बघण्यात जायचा.

आज ताप चढला म्हणून घरी पडून होतो. आईनं कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवली.

"किती राबशील रे त्या पेटीपायी," ती पुटपुटली.

घड्याळात एक वाजला तसा तिनं बादलीत दुसरा फडका बुडवला, पिळला आणि गुडघ्यावर हात टेकत जिन्याकडे निघाली.

"आता कुठे चाललीस?"



"वर. तुझी पेटी रोज या वेळेला नुसती फणफणलेली असते बिचारी. तिच्याही डोक्यावर पट्टी ठेवून येते."